टेकडीवरचं एकच झाड

माझी वहिनी व्हर्ला शाळेच्या स्वयंपाकघरात काम करते. वनस्पतिशास्त्राचं पुस्तक तिने कधी उघडलेलं नाही, पण मिसुरीतल्या आमच्या खडकाळ टेकडीवरच्या रानसूर्यफुलांबद्दल तिच्याशी वाद घालायची कुणाची टाप नाही.

आमच्या भागात ही फुलं त्या टेकडीवरच उरली होती. सरकारी खात्याचा कोल्टन नावाचा तरुण अधिकारी दोन दिवस मोजदाद करून म्हणाला, चारशे बारा झाडं आहेत, काळजी नको. व्हर्ला म्हणाली, झाड एकच, बाकीचे त्याच्याच मुळांतून फुटलेले दांडे. सगळे एकाच सकाळी फुलतात, आणि बारा वर्षं ती वाळलेली फुलं फोडून बघतेय, एकातही दाणा नाही. एक रोग आला की सगळं संपलं.

"अहो बाई, मी स्वतः मोजलीत," कोल्टन हसून म्हणाला.

"बोटं मोजून माणसं वाढत नाहीत, बाळा."

मग हट्टाला पेटून तिने टेकडीच्या चारही बाजूंची वीस पानं सुकवली, पाकिटांवर आकडे घातले आणि विद्यापीठात धाडली. दोन महिन्यांनी उत्तर आलं: जनुकं तपासली, वीसही पानं एकाच झाडाची. रविवारी चर्चबाहेर मी ते पत्र मोठ्याने वाचलं, दोनदा. ती लाजून मला कोपराने ढोसत होती.

पण या फुलांना स्वतःच्याच परागाने बी धरत नाही; त्यासाठी त्याच जातीचं, पण वेगळ्या मुळाचं झाड हवं होतं. दोन उन्हाळे ती शोधत फिरली. शेजारच्या तालुक्यात, रेल्वेरुळांलगत, अकरा दांडे सापडले. त्यांची पानं आमच्या झाडापेक्षा रुंद होती, म्हणजे झाड वेगळं. तिथली फुलं तिने ओल्या फडक्यात आणली, आमच्या फुलांवर हलकेच घासली आणि मधमाश्या येऊ नयेत म्हणून वर आपले जुने पायमोजे बांधले. गावाला महिनाभर विषय पुरला.

ऑक्टोबरात आम्ही दोघं वर गेलो. तिने मोजा सोडला, वाळलेलं फूल माझ्या हातात दिलं. "तू बघ. माझ्याच्याने होत नाही."

मी एक दाणा नखाने दाबला. तो दबेना. फोडला, तर आत पांढरा गर.

"भरलाय," मी म्हणालो.

शाळेतल्या तीनशे पोरांना धाकात ठेवणारी ही बाई मटकन खडकावर बसली आणि हमसून रडली. माझ्या भावाने जन्मात शहाणपणाचं काम एकच केलं, हिच्याशी लग्न. हे मी त्या दिवशी तिला तोंडावर सांगितलं.