बाबांचं अपील आणि काकांची गाडी

सोमवारी अकोल्याच्या जिल्हा कोर्टात बाबांचं अपील पहिल्याच सुनावणीत फेटाळलं गेलं. मी स्वतः अमरावतीत वकिली करते... आणि हे असंच होणार, हे त्यांना घसा कोरडा पडेपर्यंत सांगून झालं होतं.

भांडण कशाचं, तर आमच्या शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, काकांच्या शेतात जाणाऱ्या रस्त्याचं. तो बंद झाला तर काकांना नाल्यातून जावं लागेल, आणि पावसाळ्यात नाला भरला की शेतात पायही ठेवता येणार नाही. सख्ख्या धाकट्या भावाची, म्हणजे सुधाकरकाकांची, शेती ज्या रस्त्यावर चालते, नेमका तोच बाबांना बंद करायचा होता. का? काकांच्या ट्रॅक्टरनं धुऱ्यावरचं सीताफळाचं झाड मोडलं आणि काका 'चुकलं' म्हणाले नाहीत.

खालच्या कोर्टात उलटतपासणीत बाबांनी स्वतःच सांगून टाकलं, की आजोबांच्या काळापासून गाड्या तिथूनच जातात. झालं, दावा गेला... आता यावर कोण काय अपील करणार? पण "वरचा जज ऐकते" हा त्यांचा हेका. मी नाही म्हटलं, तर अकोल्यात दुसरा वकील गाठला.

आणि कहर पुढेच आहे. बाबांना गाडी चालवता येत नाही आणि एसटीत त्यांची कंबर धरते. मग दावा लागल्यापासून दर तारखेला त्यांना अकोल्याला कोण नेतं? काका. ज्यांच्याविरुद्ध दावा, तेच ड्रायव्हर.

या सुनावणीची तर काकांना नोटीससुद्धा नव्हती, तरी सकाळी दारात गाडी हजर. मीही सोबत निघाले. कोर्टात दोघं दोन टोकांना तोंड फिरवून बसतात आणि दुपारी बाहेर एकाच टेबलावर आलूबोंडा खातात. माझं डोकंच फिरतं हे बघून.

जजसाहेबांनी कागद चाळले, वकिलाला एकदोन प्रश्न विचारले आणि अपिलात काही दम नाही म्हणून तिथेच निकाली काढलं. मला हायसं वाटलं. काकांचा रस्ता वाचला.

गावाकडे परतताना मी मागच्या सीटवर धुमसत होते. बाबा म्हणाले, "आता नागपूरले जातो. हायकोर्टात." मी तोंड उघडणार, तेवढ्यात गाडी चालवता चालवता काका म्हणाले, "आधी सांगजो दादा. टायर बदलून घेतो, लंबा रस्ता हाये."

मी कपाळावर हात मारून घेतला. या दोघांना समजावणं माझ्या बापाला जमलं नसतं म्हणावं, तर बापच समोर बसलेला...

काल संध्याकाळी बाबांचा फोन आला. नागपूरचं राहू दे म्हणाले. मी सुटकेचा श्वास सोडते न सोडते तोच त्यांनी बारीक आवाजात विचारलं, "मंग आता मी अन् सुधाकर अकोल्याले कायले जाऊ?"

"नाश्ता करायला जा ना बाबा."

"उगाच कोनी जाते का?"

निकाल शंभर टक्के बरोबर आहे, वकील म्हणून मी हेच सांगेन. पण फोन ठेवल्यावर मला रडूच आलं... मग काकांना फोन लावला. म्हटलं, शनिवारी बाबांना डोळे तपासायला अकोल्याला न्यायचंय.

बाबांचे डोळे ठणठणीत आहेत, हे अख्ख्या गावाला माहीत आहे. काकांनी डोळ्यांना काय झालं हे विचारलंच नाही. "तयार राहा म्हना त्याले," एवढंच म्हणाले.