बदलीवर वाजवलेलं गाणं

माझे सासरे जपानी आहेत आणि त्यांचा संसार अमेरिकन गुराख्यांच्या गाण्यांवर चालला. हे वाक्य मी पुण्यात कुणाला ऐकवलं की समोरचा आधी माझ्याकडे बघतो आणि मग घड्याळाकडे. पण खरं तेच आहे. युद्धानंतर जपानमधल्या अमेरिकन तळांवर वाजणाऱ्या कंट्री म्युझिकची इथल्या लोकांना चटक लागली, आणि पुढे टोकियोच्या स्टुडिओंतून त्याच वळणाची जपानी गाणी धडाधड निघाली. ज्यांनी जन्मात गाय फक्त दुधाच्या खोक्यावर पाहिली, ते गायक भल्यामोठ्या टोप्या घालून कुरणांच्या आठवणीने व्याकूळ होत. ऐकणाऱ्याला रडवायचं काम मात्र मागे बसलेल्या स्टील गिटारवाल्याचं.

आपल्याकडच्या जुन्या लोकांना हवाईयन गिटार आठवत असेल. तिचीच ही थोरली बहीण. टेबलासारखी पायांवर उभी असते. तारांवरून पोलादी कांडी सरकवायची आणि पायाने पेडल दाबायचं. सूर असा घसरत जातो की ज्याचं काहीही हरवलेलं नाही, त्यालाही उगाच खिसे चाचपावेसे वाटतात. सासऱ्यांनी हे काम आयुष्यभर केलं. सकाळी एका स्टुडिओत जायचं, समोरचा कागद वाचून वाजवायचं, दुपारी दुसऱ्या स्टुडिओत. रेकॉर्डच्या वेष्टनावर गायकाचं नाव असे, त्याच्या टोपीचा फोटो असे, तो फोटो काढणाऱ्याचंही नाव असे. कुठल्या वारी कुठला कचरा बाहेर ठेवायचा याचं ज्या देशात सचित्र पुस्तक मिळतं, त्या देशाला गाणं वाजवलं कुणी हे लिहायला जागा सापडली नाही.

यंदा एका रेकॉर्ड कंपनीला अचानक सद्बुद्धी सुचली. जुनी गाणी नव्याने काढायची आणि सोबतच्या पुस्तिकेत वादकांची नावं छापायची. त्या संचात एक गाणं असं होतं की त्याच्या सुरुवातीचा स्टील गिटारचा तुकडा इथे सुपरमार्केटातसुद्धा वाजतो आणि बायका मुळे निवडता निवडता तो गुणगुणतात. तो वाजवणारा म्हणून ज्याचं नाव सांगितलं जाई, तो सासऱ्यांचा मित्र, वारून बरीच वर्षं झाली. त्या काळातले हयात असे सासरेच, म्हणून खात्री करून घ्यायला फॉर्म त्यांच्याकडे आला. फॉर्म ऑनलाइन. सासूबाई गेल्यापासून ते टोकियोत फुनाबोरीला आमच्याकडेच राहतात, तेव्हा घरातला संगणकवाला जावई कामाला लागला.

"त्याचं नाव लिही," सासरे म्हणाले.

"वाजवलं त्यांनीच ना?" मी आपलं विचारायचं म्हणून विचारलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. "त्या दिवशी तो आजारी होता. त्याच्या जागी मी बदली गेलो होतो. पण बोलावणं त्याचं होतं. बदलीवर वाजवलेलं ज्याचं बोलावणं असतं त्याचं. आमच्यात तसंच होतं."

आमच्यात म्हणजे स्टुडिओवाल्यांत. मी थक्क झालो, आणि मग मला राग आला. कावासाकीच्या ऑफिसात आमचे विभागप्रमुख-सान मी लिहिलेला कोड दर तिमाहीला 'आमच्या टीमचं यश' म्हणून वर दाखवतात, आणि टीम म्हणजे तेच. आयत्या बिळावर नागोबा मी रोज पाहतो. इथे तर घरातच एक माणूस आपलं बीळ नागोबाला देऊन वर त्याची पूजा करत होता. मी रकान्यात सासऱ्यांचं नाव टाकलं आणि बटण दाबलं. त्यांना सांगितलं नाही. अख्ख्या संचात त्यांचं वाजवलेलं हेच एक गाणं होतं. नाव लागलं तर इथे, नाहीतर कुठेच नाही.

बायकोला सांगितलं. ती जपानी असली तरी पुण्यात दोन वर्षं राहिलेली आहे, आणि मराठीतलं व्याकरण सोडून बाकी सगळं शिकली आहे. "छान," ती म्हणाली. "बाबांना विचारलं नाही, मला विचारलं नाही. एकदम पुणेरी न्याय."

फॉर्ममध्ये महिनाअखेरपर्यंत दुरुस्ती करता येत होती. त्याच महिन्यात मित्राचं श्राद्ध होतं. सासरे दरवर्षी त्या दिवशी कावासाकीला मित्राच्या बायकोकडे जातात. यंदा गुडघा दुखत होता म्हणून मी सोबत गेलो. पुस्तिका छापून येण्याआधी त्या बाईंना आपणच सांगावं, असा सभ्य विचारही माझ्या मनात होता. दुसरीच्या नवऱ्याचं नाव खोडून झाल्यावर मला सभ्यता सुचते.

खोलीत लाकडी देव्हारा, त्यात मित्राचा फोटो. उदबत्ती लावली, घंटी वाजवली, नेलेल्या गोड वड्या पुढे ठेवल्या. मग बाईंनी तीच रेकॉर्ड लावली. सासरे गुडघा लांब करून बसले आणि बोलायला लागले. हा माणूस आमच्या घरी दिवसाला दहा वाक्यं बोलतो, त्यातली चार हवामानाबद्दल. इथे थांबेचना. काय कांडी फिरवली आहे, कसला हात होता, असा हात पुन्हा झाला नाही.

बाई चहा करायला उठल्या. मी मदतीच्या निमित्ताने मागोमाग स्वयंपाकघरात गेलो आणि "ओकुसान, त्या गाण्याबद्दल जरा बोलायचं होतं," अशी चाचरत सुरुवात केली. ओकुसान म्हणजे आपल्याकडचं वहिनी.

"बदली वाजवलेलं, तेच ना?" त्यांनी किटली खाली ठेवली. "त्या दिवशी माझा नवरा याच घरात तापाने फणफणला होता. पट्ट्या मीच बदलत होते. स्टुडिओत कोण गेलं होतं ते मला माहीत नसेल का?"

एवढी साधी गोष्ट घरातल्या इंजिनिअरच्या लक्षात आली नव्हती. "मग तुम्ही माझ्या सासऱ्यांना कधी बोलला नाहीत?"

"बोलून काय करू?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "स्वतःच्या वाजवण्याचं असं कौतुक त्यांना दुसरीकडे कुठे करता येणार? वर्षातून एकदा इथे येतात आणि तासभर करतात. मी ऐकून घेते. उद्या पुस्तकात त्यांचंच नाव छापलं, की त्यांना तोंड मिटून बसावं लागेल. स्वतःला कोण चांगलं म्हणतं? निदान त्यांच्या पिढीत तरी कुणी म्हणत नाही."

मला स्वतःची लाज वाटली. मी सासऱ्यांना न्याय देत नव्हतो, विभागप्रमुख-सानांवरचा राग काढत होतो. तिथेच ओट्याला टेकून मी फोन काढला, फॉर्म उघडला आणि सासऱ्यांचं नाव पुसलं. मित्राचं नाव टाकताना बाईंनी मला त्याची कांजी अक्षरं सांगितली, एकेक रेघ. बटण दाबल्यावर त्यांनी चहाचा ट्रे माझ्या हातात दिला.

खोलीत गाणं पुन्हा सुरुवातीपासून लागलं होतं. सासऱ्यांनी हात वर करून मला थांबवलं. गायिकेची ओळ संपली, आणि त्यानंतर क्षणभर काहीच वाजलं नाही. मग कुठून तरी स्टील गिटार आली.

"ऐकलंस?" ते म्हणाले. "तिला श्वास घेऊ दिला. दुसरा कुणीही असता तर लगेच घुसला असता."

मी ट्रे खाली ठेवला आणि सरळ त्यांच्या डोळ्यांकडे बघितलं. "फार सुंदर वाजवलंय त्यांनी," मी म्हणालो. "इतकं सुंदर मी आजवर ऐकलेलं नाही."

बाई दारात उभ्या होत्या. सासरे फोटोकडे वळले. त्यांचे कान लाल झाले होते.

"तो होता तेव्हा," ते म्हणाले, "हे कुणीतरी त्याच्या तोंडावर सांगायला हवं होतं."