एलपी अंकलची अर्धी राहिलेली तबकडी

२०१७ साल. मी एकोणसत्तर वर्षांचा होतो आणि रविवारी भरसकाळी भांडायला निघालो होतो. लालबागच्या आमच्या चाळीमागे ख्रिस्ती लोकांची चार बैठी घरं आहेत. त्यातल्या शेवटच्या घरातून असा आवाज येत होता की आमच्या मांडणीवरची भांडी वाजायला लागली होती. मी दार ठोठावलं नाही, ढकललंच. आत इस्त्रीची पॅन्ट आणि वर नुसतं बनियन घातलेला एक टकल्या माणूस ताठ बसला होता. त्यानं माझ्याकडे बघितलं, ओठांवर बोट ठेवलं आणि समोरची खुर्ची दाखवली.

"बस. ही बाजू संपू दे, मग भांडू."

माझ्यासमोर असं बोट ठेवणारा आमच्या चाळीत तरी कुणी नव्हता. त्या धक्क्यानंच मी बसलो. बाजू संपली, त्यानं सुई उचलली आणि म्हणाला, "हां, आता बोल."

मी म्हणालो, "हा माणूस कुठल्या गिरणीत होता?"

कारण तो आवाज मला ओळखीचा होता. मी साचेखात्यात, कापडाच्या मागांवर, जॉबर म्हणजे मुकादम होतो. शाळा तिसरीपर्यंत, बाकी सगळं शिक्षण साच्यांवर. शेकडो साचे एकदम चालू झाले की जमीन पायातून बोलते, तसंच ते वाजत होतं. तो इतका हसला की त्याला खोकला लागला. म्हणाला, "गिरणीत नाय, पण गाव कारखान्याचंच. याला मेटल म्हणतात." मी म्हटलं, नाव बरोबर ठेवलंय. भांडण राहूनच गेलं.

सगळे त्याला एलपी अंकल म्हणत. एलपी म्हणजे मोठी काळी तबकडी. त्याचा भाऊ बोटीवर होता, त्यानं देशोदेशीहून आणलेल्या तबकड्यांची दोन कपाटं अंकलच्या घरात होती. स्वतः अंकल आयुष्यभर फोर्टात एका बोटीच्या कंपनीत कारकून. तो कुणालाच 'तुम्ही' म्हणायचा नाही, देवालाही नाही. मला पहिल्या दिवसापासून 'जॉबर' म्हणाला. ते मला आवडलं. गिरणी बंद पडल्यापासून त्या हुद्द्यानं मला कुणी हाक मारली नव्हती.

त्याचा कायदा एकच. गाणं ऐकायचं नाही, आल्बम ऐकायचा. पहिल्या गाण्यापासून शेवटच्यापर्यंत, ज्यानं बनवला त्यानं ठेवलेल्या क्रमानं. मधे बोलायचं नाही, उठायचं नाही. चहा मिळणार तो बाजू उलटताना. तबकडी काढण्याआधी तो हात धुवायचा आणि पंच्यानं पुसायचा. एकदा मी म्हटलं, "ते मधलं मऊ गाणं तेवढं लाव." तर म्हणाला, "जेवायला बसलास की नुसतं लोणचं मागतोस काय? लोणचं त्याच्या जागेवर येणार."

रॉकचा एक आल्बम होता, त्यातली गाणी एकमेकांत शिरलेली. कुठलं कुठं संपलं पत्ता लागायचा नाही. मला वाटायचं हे कारागीर गाठ मारायला विसरलेत. तिसऱ्यांदा ऐकल्यावर कळलं की गाठ आहे, दिसत नाही एवढंच. तसा धागा जोडणारे माझ्या हाताखाली फार थोडे होते. पॉपला मात्र मी नाकं मुरडायचो, हे काय पोरीबाळींचं. त्यावर अंकल चिडला होता. "सोप्पं वाटतं तुला? दहा माणसांना आवडेल असं कुणीपण करील मॅन. सगळ्या दुनियेच्या पायाला खाज सुटली पायजे, ते करून दाखव." आणि माझ्या पायाकडे बोट दाखवलं. पाय हलत होता. मी म्हटलं, मुंग्या आल्यात.

एकट्यानं तो कधी ऐकत नसे. "एकटा बसलो की नुसतं वाजतं. दुसरा बसला की ऐकलं जातं." आधी बायको बसायची. ती गेल्यावर कोण बसणार? पुढे कधीतरी त्यानं सांगितलं, "म्हणून आवाज वाढवत गेलो. म्हटलं, कुणीतरी भांडायला येईलच. पण लालबागची माणसं फार सोशीक झालीत रे. तू यायला किती वेळ लावलास."

आमचं खरं बिनसलं ते एका तबकडीवरून. त्याच्या लेकीनं कॅनडाहून पाठवलेली. हिपहॉप. एकाच पाकिटात दोन तबकड्या, चार बाजू. त्यात एक माणूस नुसता बोलत होता. मागे ठोका चालू आणि हा आपला बडबडबडबड. मी पहिल्या बाजूच्या मधेच उठलो.

"हे गाणं नाही. भाजीबाजारात याच्यापेक्षा सुरात बोलतात."

"जॉबर, बस. बाजू चालू हाय."

"मी नाही बसणार. ही लागली की मी उठणार, आत्ताच सांगून ठेवतो."

अंकलनं चालू बाजूवरची सुई उचलली. असं त्यानं कधी केलं नव्हतं, त्याचा चेहराच पडला. ती तबकडी त्यानं कपाटात परत ठेवली नाही. कपाटावर, भिंतीला टेकवून उभी ठेवली. म्हणाला, "अर्धी राहिली ती. अर्धी आत जात नाय."

मी म्हटलं, राहू दे.

राहिली. किती रविवार आले नि गेले, ती तिथंच उभी. आठवड्यातून एकदा तो तिच्यावरची धूळ पुसायचा आणि पुसताना मुद्दाम माझ्याकडे बघायचा. मी खिडकीबाहेर बघायचो. शब्द दिला म्हणजे दिला.

मग अंकल बाथरूममध्ये पडला. हाड वाचलं, पण लेक ऐकेना. "डॅडी, आता इकडेच या, कायमचे." खोक्यांत भरून तबकड्या बोटीनं पुढे गेल्या. शेवटच्या रविवारी संध्याकाळी त्याला टॅक्सी न्यायला येणार होती. मी सकाळी गेलो. घर रिकामं. दोन खुर्च्या, एक पत्र्याची ट्रंक, तबकड्या वाजवायचं मशीन आणि मशीनवर ती अर्धी राहिलेली.

"ही का नाही गेली?" मी विचारलं.

"अर्धी हाय. अर्धी कशी नेऊ? तिकडे कोण बसणार माझ्याबरोबर? पोरगी कामाला, जावई कानात ते फोनचं बोंडूक घालून फिरतो."

मी उभाच होतो. तो हात धुवायला गेला, येताना पंचा दिसेना म्हणून पॅन्टलाच पुसले. इस्त्रीच्या पॅन्टला. ते बघून मी बसलो.

पहिली बाजू लागली. तीच बडबड. माझं तोंड कडू झालेलं बघून अंकलनं स्वतःचा कायदा मोडला आणि बाजू चालू असताना बोलला.

"तो म्हणतो, माझ्या गल्लीत येऊन दाखव."

"कोण म्हणतो?"

"हाच."

"कुणाला?"

"पलीकडच्या गल्लीवाल्याला. म्हणतो, आम्ही काय सोसलंय ते तुला काय ठाऊक. तुझ्यात दम असला तर बोल."

"मग तो पलीकडचा काय बोलला?"

"तो नाय या तबकडीवर."

मी ताडकन उठलो. अंकलला वाटलं, निघालो. पण मला वेगळंच सुचलं होतं. आम्ही कोकणातले. गिरणगावात आमचे शक्ती-तुऱ्याचे सामने व्हायचे. दोन पार्ट्या समोरासमोर. एकीच्या बुवानं गाण्यातून सवाल टाकायचा, दुसऱ्यानं तिथल्या तिथं जोडून उत्तर द्यायचं. टोमणे, आईबापांचा उद्धार, सगळं तालात. आणि सवालाला उत्तर आलं नाही तर गावाची मान खाली. मी शक्तीकडून बरीच वर्षं उभा राहिलो. हा माणूस इतका वेळ सवाल टाकतोय आणि समोर कुणी नाही?

मी कानावर हात ठेवला आणि सोडलं:

"गल्लीचा रे गर्व कशाला, ये लालबागच्या दारी,
मुलखाला या कापड विणलं, उघडी पाठ आमची सारी;
भोंगा थकला, आम्ही न थकलो, उभी अजून ही स्वारी,
सवाल टाकून पळू नको रे, आता तुझी ये बारी!"

अंकल आ वासून बघत राहिला. मग त्यानं ट्रंक पुढ्यात ओढली आणि दोन्ही हातांनी ठोका धरला. तबकडीवरचा पुन्हा बोलला, अंकलनं अर्थ सांगितला, मी पुन्हा उत्तर दिलं. चार बाजू. शेजारच्या घरातून कुणीतरी ओरडलं, "अंकल, काय चाललंय काय?" तर हा ओरडला, "भांडण!"

शेवटची बाजू संपली तेव्हा माझा घसा बसला होता आणि अंकलचे तळहात लाल झाले होते.

"आवडलं?" त्यानं विचारलं.

"गाणं नाहीच ते. सवाल आहेत. हे आधी सांगायला काय झालं होतं तुला?"

"मला काय ठाऊक? तू हे करतोस ते कधी बोललास? इतकी वर्षं मीच ऐकवलं मॅन. तुझं कधी विचारलंच नाय."

त्यानं तबकडी पुसून पाकिटात घातली.

संध्याकाळी टॅक्सी आली. त्यानं मशीन माझ्या हातात दिलं. "तिकडचा करंट वेगळा. इथंच राहू दे. आणि ही पण ठेव. पूर्ण झाली आता." मी म्हटलं, "एका आल्बमवर मी काय करू?" तो म्हणाला, "पूर्ण ऐक." टॅक्सीत बसून त्यानं दार लावून घेतलं, काच खाली केली, आणखी काही सांगणार होता, पण टॅक्सीवाल्यानं गाडी सोडली. पुढच्या थंडीत तिकडेच वारला तो. लेकीनं फोनवर सांगितलं, मला ओळखलं तिनं. म्हणाली, "तुम्ही जॉबर ना?"

पण ते पुढचं. त्या रविवारनंतर दुसऱ्या दिवशी सकाळी मी टीव्हीची वायर काढली, टीव्ही खांद्यावर घेऊन करी रोडला भाच्याकडे पोचवला आणि त्या टेबलावर मशीन मांडलं. आमची ही कमरेवर हात देऊन उभी.

"आणि माझी मालिका?"

"ये. बस इथं."

"मला इंग्रजी कळत नाय."

"मलापण नाय," मी म्हटलं आणि हात धुवायला गेलो.