डबा बंगल्यावरून आला

आंब्याचा डहाळा गोमूत्रात बुडवून माईंनी माझ्या पत्रकांवर शिंपडलं. पत्रकं साहेबांच्या प्रचाराची, शब्द माझे. 'आपण एकाच ताटातली माणसं.' एक थेंब नेमका 'ताटा'वर पडला आणि शाई पसरली.

प्रेसमधून आलेला पहिला गठ्ठा देवापुढे ठेवायचा, नारळ फोडायचा, मग वाटायला काढायचा, अशी त्या बंगल्याची रीत. उत्साहात मी स्वतःच गठ्ठा उचलून देवघरात नेला होता.

"हा आत कुणी आणला?" साहेबांच्या आईंनी, माईंनी, विचारलं. माझ्याकडे बघून नाही. साहेबांकडे बघून.

साहेबांनी मला व्हरांड्यात आणून खांद्यावर हात ठेवला. "मनाला लावून घेऊ नकोस रे. मी नाही मानत यातलं काही. म्हातारीचं मन राखावं लागतं."

"चालतंय साहेब," मी म्हणालो.

हे 'चालतंय' मला कुणी लिहून दिलं नव्हतं.

नव्वदचं दशक संपत आलं होतं. नाशकात अंबडच्या कारखान्यात असताना मी युनियनच्या गेटसभांची पत्रकं लिहायचो. ती वाचून साहेबांनी मला उचललं. भाषण, घोषणा, पेपरात जाणारा फोटो, सगळं मी ठरवायचो. आमच्या वस्तीत भाषण 'जय भीम'ने सुरू करायचं आणि देवळांच्या पंचवटीत तेवढं गाळायचं, हे त्यांना मीच शिकवलं. तेव्हा लाज वाटली नाही. हुशारी वाटली.

त्या संध्याकाळची युक्तीही माझीच. साहेब आमच्या घरी जेवणार, फोटो निघणार, खाली तीच ताटाची ओळ. मग समोरच्या मैदानात सभा.

आई दुपारपासून राबत होती. बाजरीच्या भाकरी, भरीत, ठेचा. शेजारणींना सांगून आली होती, "पोराचे साहेब येणार हायेत जेवायला."

साहेबांच्या आधी त्यांचा ड्रायव्हर आला. हातात स्टीलचा उभा डबा.

"बंगल्यावरून आलाय. यातलंच वाढा म्हणाले. ताट तेवढं तुमचं ठेवा, फोटोत दिसायला पाहिजे."

आईने डब्याकडे पाहिलं. मग भाकरीच्या टोपलीकडे.

"मंग मी हे कुणासाठी केलं?"

माझ्या तोंडात सकाळचंच 'चालतंय' आलं होतं. ते गिळलं. डबा उचलून उंबऱ्याबाहेर ठेवला.

साहेब आले. सतरंजीवर बसले. फोटोग्राफरने कॅमेरा डोळ्याला लावला.

"वाढ," मी आईला म्हणालो. तिने भाकरी वाढली. भरीत वाढलं.

साहेब हसरा चेहरा तसाच ठेवून मला म्हणाले, "डबा कुठंय?"

"बाहेर."

"नाटक करू नकोस. माणसं बघतायत."

"म्हणूनच. जेवा."

त्यांनी तुकडा मोडला. तोंडाजवळ नेला. तिथेच धरला. फ्लॅश पडला. तुकडा परत ताटात.

"आज चतुर्थी आहे, विसरलोच होतो," ते आईला म्हणाले आणि उठले. हात आमच्या पाण्याने धुतले नाहीत. स्वतःच्या रुमालाला पुसले.

आई मोडलेल्या भाकरीकडे बघत उभी. पदराला हात पुसत. तिचे हात कोरडेच होते.

सभेत साहेबांची ओळख करून द्यायचं काम माझं. मी ताट घेऊन स्टेजवर चढलो. माइक हातात घेतला.

"हे साहेबांचं ताट. एक तुकडा मोडलाय. खाल्लेला नाही. यांचा डबा बंगल्यावरून आला होता, तो माझ्या दाराबाहेर पडलाय. जाऊन बघा."

पुढचं कुणाला ऐकू गेलं नाही. माइक बंद केला होता. कुणीतरी मला कॉलरला धरून खाली ओढलं. ताट मी सोडलं नाही.

दुसऱ्या दिवशी फोटो छापून आला. तुकडा तोंडाजवळ, खाली माझी ओळ. साहेब निवडून आले. आमच्या वस्तीतूनही त्यांना मतं पडली, खोटं कशाला सांगू. मला पुन्हा कुठल्याच पक्षाने दारात उभं केलं नाही. पण युक्ती सगळ्यांनी उचलली. आता दर निवडणुकीत नाशकात कुणी ना कुणी, कुणाच्या तरी घरी, एकाच ताटात जेवतो.

ते पाप मी पेरलंय. माफी मागून ते उपटत नाही. म्हणून जिथे असं जेवण ठरतं, तिथे मी जातो. न बोलावता. दारात उभा राहतो आणि घरच्या बाईला एकच विचारतो, "ताई, डबा कुठून आलाय?"

बंगल्यावरून आला असेल, तर तो मला ओलांडूनच आत जाईल.