वारं नव्हे, कंपवात

माझा उजवा हात कापायला लागला, त्याला खानापूरच्या वैद्यांनी कंपवात म्हटलं आणि आमच्या गावानं देवाचं वारं. वैद्यांचं कोण ऐकतो! मी निवांत मांडी घालून बसलो की अंगठा आणि बोट एकमेकांवर घासत राहायचे, चिमटीत अक्षता घोळवल्यासारखे. तेवढं दिसलं की समोरचा माणूस हात जोडून खाली बसायचा.

मी मातीचे गणपती करणारा. चवथ जवळ आली की आसपासच्या वाड्यांतून लोक आपापला पाट आणून ठेवत आणि त्यावर मी मूर्ती घडवून देई. एरवी भजनी मंडळींसाठी पदं लिहायचो. आता अक्षर ओळीच्या सुरुवातीला बरं असायचं आणि शेवटाला पोचेपर्यंत मोहरीएवढं व्हायचं. मंडळींनी पदं परत आणून दिली, वाचता येत नाहीत म्हणून. ते एक वेळ सोसलं. पण पुढं पाटांऐवजी नारळ यायला लागले, तेव्हा माझं डोकं फिरलं.

कुणाची म्हैस रानात चुकली, कुणाच्या लेकीला स्थळ आलं, कौल माझ्याकडं. मला काही कळत नाही, असं सांगून घसा बसला. लोक तोंडाकडं बघतच नसत. हात जोरात कापला तर होकार, सावकाश कापला तर नकार, हे त्यांनी आपसात ठरवून टाकलं होतं. मी चिडलो की हात जास्तच कापायचा, आणि म्हणून सगळ्यांना होकारच मिळायचा. बायको म्हणे, एवढा देव अंगात आहे तर ताटातली आमटी तरी सांडू नये.

या दुखण्याची एक मेहेरबानी होती. कुंचला धरून मूर्तीवर नजर लावली की हात थांबायचा. तेवढ्यावर मी जगत होतो. तेही गावकारांच्या नजरेत आलं. गावातलं सगळ्यात मानाचं माणूस, ओसरीवर बसून मायेनं बोलले.

"अण्णा, कुंचला खाली ठेवा. त्यो हातात घेतलासा की द्येव जातोय बघा."

मूर्ती यंदा दुसरीकडून आणू, तुम्ही नुसते बसा, असंही म्हणाले. नुसतं बसायचं! मला रडू आलं, आणि ते त्यांनी देवाचंच समजलं.

त्या वर्षी घरचा एकच गणपती केला. डोळे रेखायला बसलो तर ओसरी माणसांनी भरलेली. काजळात कुंचला बुडवला, हात थांबला. एक म्हातारी पुटपुटली, "गेला गं द्येव," आणि आपला नारळ ओटीत घेऊन वाट बघत राहिली. मी उजवा डोळा रेखला, मग डावा. इतकी सरळ रेघ मला धडधाकट असतानाही जमली नव्हती. कुणी मूर्तीकडं पाहिलं नाही. सगळ्यांचं लक्ष माझ्या हाताकडं, कधी रिकामा होतो म्हणून.

रेखायचं काही उरलं नव्हतं. तरी दिवेलागणीपर्यंत मी कुंचला मूर्तीसमोर तसाच धरून बसलो.