आडात ओतलेलं रॉकेल

लातूर जिल्हा होऊन तीन-चार वर्षं झाली होती आणि लागोपाठ दुसऱ्यांदा पाऊस गेला होता. चाकूरकडच्या त्या गावात सगळ्या विहिरी तळाला गेल्या. पाणी टिकलं ते उमादेवीच्या परसातल्या आडाला.

वाटणीत रस्त्याकडची बाजू थोरल्या जावेनं, पार्वतम्मानं, स्वतः मागून घेतली होती. आड धाकटीकडं गेला. आता सकाळपासून बाया घागरी घेऊन पार्वतम्माच्या दारावरून पलीकडं जायच्या, उमादेवीचे गोडवे गात. एकदा नव्या जिल्ह्याचा कुणी साहेब आला. त्यानं उमादेवीला हात जोडले आणि शेजारी उभ्या पार्वतम्माला पाणी न्यायला आलेली बाई समजून बाजूला सारलं.

त्याच दुपारी पार्वतम्मानं पदराआडून रॉकेलची बाटली नेली आणि आडात रिकामी केली.

दुसऱ्या दिवशी पाणी तोंडात धरवेना. आळ आला म्हाताऱ्या मारोतीवर. तो पार्वतम्माच्या घरासकट चार घरचं पाणी शेंदून द्यायचा, पहाटे कंदील घेऊन यायचा. त्याच्याच कंदिलातलं सांडलं, असं सगळ्यांनी ठरवलं. त्यानं शपथा घेतल्या, तरी त्याला आडाजवळ येऊ देईनात.

तिसऱ्या सकाळी पार्वतम्मा पूजेला बसली. विभूती लावून इष्टलिंग तळहातावर घेतलं, पण नजर त्यावर ठरेना.

"शिवा, पाप झालं माझ्या हातून. पदरात घे," ती पुटपुटली. पाठोपाठ मनात आलं, उमीला मात्र कळू देऊ नको. तिला स्वतःचीच शिसारी आली. माफी मागतानाही तिला जावेच्या वरच राहायचं होतं.

ती तशीच उठून पलीकडं गेली. उमादेवी एकटीच आड उपसत होती. वास मारणारं पाणी मातीत ओतत होती.

"उमे, रॉकेल मी वतलं. मारोतीचा कसूर न्हाई."

उमादेवीच्या हातातला दोर थांबला. "का, अक्का?"

"जळत व्हते तुज्यावर."

उमादेवीनं अर्ध्यावर आलेला पोहरा वर ओढून मातीत रिकामा केला. मग म्हणाली, "मला सांगून भागत न्हाई. मारोतीच्या दारात जा, समद्यांदेखत सांगा. मग उपसायला या."

पार्वतम्मा गेली. भर गल्लीत, मारोतीच्या उंबऱ्यापाशी हात जोडून सगळं बोलली. म्हातारा आत निघून गेला.

सहा दिवस दोघी जावा आड उपसत होत्या. पार्वतम्माच्या तळहातांना फोड आले. पाणी निवळलं, मारोती कामावर आला, पण तिच्या घरी त्यानं पुन्हा पाणी भरलं नाही. ती आपली घागर घेऊन रांगेत शेवटी उभी राहू लागली.

बाया उमादेवीचं कौतुक करायच्या तेव्हा आत कळ अजून उठायचीच. पूजेला बसली की ती तेही लपवत नसे.

"आजबी जळले, शिवा," ती म्हणायची. "दया कर."