पंचांशिवाय खून

मृत्यू समोर उभा राहिला की माणूस अंतर्मुख होतो, असं थोर लोकांनी लिहून ठेवलं आहे. बेसिंगस्टोकच्या आमच्या घरात त्या हिवाळ्यात सोमवार ते शुक्रवार दुपारी सव्वादोनला मृत्यू यायचा, आणि माझे वडील त्याआधी दहा मिनिटं आधण ठेवायचे. म्हणजे प्रेत सापडेपर्यंत चहा गाळून होत असे.

मृत्यू अर्थातच टीव्हीवर यायचा. जुन्या इंग्रजी रहस्यमालिका तेव्हा दुपारी पुन्हा पुन्हा दाखवत. सगळ्यांत साधारण एकच गाव असे. एक चर्च, एक निवृत्त कर्नल, गरजेपेक्षा जास्त मोती असलेली एक विधवा, आणि हातातला ट्रे पाडणारी एक मोलकरीण. ट्रे पडल्याशिवाय खून झाला असं धरत नसत. इतकी माणसं मरूनही त्या गावातून कोणी बिऱ्हाड हलवत नसे, आणि हिरवळ कायम कापलेली असे.

वडिलांना आम्ही अण्णा म्हणत असू. ते सातारच्या सेशन्स कोर्टात कारकून म्हणून लागले आणि चौतीस वर्षांनी शिरस्तेदार म्हणून निवृत्त झाले. खून हा त्यांच्या दृष्टीने कागदांचा विषय होता. फिर्याद, पंचनामा, जबाब, आणि लाखेचं सील लावलेल्या कापडी गाठोड्यात एखादा कोयता किंवा डाग पडलेला सदरा. आई गेल्यावर वर्ष सरलं, आणि मी त्यांना सहा महिन्यांच्या व्हिसावर इकडे आणलं. मी एकुलती एक. आई अचानक गेली तेव्हा मी इथे होते. मी सातारला पोहोचले ती तिसऱ्या दिवशी सकाळी, लोक अस्थी आणायला निघत होते तेव्हा.

नवरा आठवडाभर ब्रिस्टलला प्रोजेक्टवर असायचा. मी चार दिवस ऑफिसला जायचे आणि शुक्रवारी घरी असायचे. त्यामुळे शुक्रवारचा खून आम्ही दोघं मिळून बघत असू. पहिल्याच शुक्रवारी एका ग्रंथालयात गालिच्यावर एक गृहस्थ पालथे पडलेले दिसले.

"प्रेत हलवलं," अण्णा म्हणाले.

"अण्णा, तो डॉक्टर आहे. नाडी बघतोय."

"बघू दे. पंच कुठे आहेत?"

"इथे पंच नसतात."

"मग पंचनाम्यावर सह्या कोणाच्या? बारा माणसं नुसती बसलीत दिवाणखान्यात. त्यातली दोन धरायची."

"त्यातलाच एक खुनी आहे."

"असू दे," अण्णा म्हणाले. "आमच्याकडेही व्हायचं कधीकधी."

त्यांना ऐकू नीट येत होतं, तरी ते खाली येणारी अक्षरं चालू ठेवायला लावायचे. साक्ष लेखी असावी, असं त्यांचं म्हणणं. इतर दिवशी मी संध्याकाळी घरात शिरले, की घरातसुद्धा माकडटोपी घालून बसलेले अण्णा अहवाल द्यायचे.

"आज कोण गेलं?"

"पाद्री. मेणबत्तीच्या खांबाने. आणि तुमच्या त्या हुशार गृहस्थाने हत्यार उघड्या हातांनी उचललं, रुमालात गुंडाळलं आणि खिशात घातलं. ना सील, ना लेबल."

"मग?"

"मग काय? आरोपी सुटणार."

त्यांच्या मते त्या मालिकांमधला एकूण एक आरोपी पुढे सुटला असणार. मालिका संपते तिथून खटला सुरू होतो, हे इंग्रजांना कोणी सांगितलंच नाही, असं ते म्हणत. त्यांचा मुख्य राग शेवटच्या प्रसंगावर होता. डिटेक्टिव्ह सगळ्यांना एका खोलीत बसवून पंधरा मिनिटं भाषण करतो, आणि भाषणाला कंटाळून म्हणा किंवा प्रभावित होऊन म्हणा, खुनी उठून सगळं कबूल करतो. दारात इन्स्पेक्टर उभा असतोच.

"एक तर इतक्या लोकांना समन्स कोणी काढले?" अण्णा विचारत. "आणि पोलिसासमोरचा कबुलीजबाब कोर्टात चालत नाही. ही बाई उद्या वकील देईल आणि म्हणेल, मला दटावलं."

मला ती भाषणं लहानपणापासून आवडत आली होती. अण्णांबरोबर बघताना लक्षात आलं, की त्यात पुरावा जवळजवळ नसतो. आवाज असतो, सूट असतो, आणि मागे पुस्तकांचं कपाट असतं.

मधल्या जाहिराती बघणाऱ्यांचं वय धरून केलेल्या होत्या. जिना चढवणारी खुर्ची, दार असलेला बाथटब, आणि स्वतःच्या अंत्यविधीची आगाऊ व्यवस्था. व्यवस्थेची नुसती चौकशी केली तरी एक पेन मोफत मिळे.

"मेल्यावर पेन कशाला?" अण्णांनी विचारलं.

"चौकशी केल्यावर मिळतं अण्णा, मेल्यावर नाही."

"मग चौकशी कर."

पेन पोस्टाने आलं. निळ्या शाईचं, चांगलं वजनदार. त्या पेनाने अण्णा मालिकांचा रोजनामा लिहू लागले. कागद म्हणजे माझ्या प्रिंटरजवळच्या रद्दीचे पाठकोरे कागद. पाठकोरा कागद फेकणं त्यांना खुनाइतकं नाही, पण सदोष मनुष्यवधाइतकं गंभीर वाटे.

ते आईबद्दल फार बोलत नसत. एकदाच, एका कृष्णधवल चित्रपटात धुकं फार झालं तेव्हा, म्हणाले, "असं धुकं सातारच्या थिएटरात पाहिलंय. लग्नाला वर्ष झालं नव्हतं. पांढऱ्या साडीतली एक बाई सारखी गात हिंडत होती. मध्यंतरात तुझी आई माझ्या कानात म्हणाली, खुनी वकील आहे. मी म्हटलं, वकील कसा असेल, तो सगळ्यांना मदत करतोय."

"मग?"

"वकीलच निघाला. तीन दिवस मी तो विषय काढला नाही." ते पडद्याकडे बघत राहिले. "तिला कसं कळलं, ते विचारायचं राहिलं."

पासष्टीपुढच्या एकट्या आईवडिलांना कायमचं इकडे राहू देण्याची सोय तेव्हा होती. मात्र तिकडे त्यांचं कोणी नाही आणि त्यांना एकट्याने राहणं शक्य नाही, हे अर्जात पटवून द्यावं लागे. अर्जावर अण्णांची सही लागणार होती. मी त्यांना अजून विचारलं नव्हतं. आधी कागद तयार करावेत, मग विचारावं, असा माझा बेत होता. जानेवारीत मी निवेदनाचा मसुदा लिहिला. इंग्रजीत, फार गंभीरपणे. माझ्या वडिलांची प्रकृती खालावत आहे. ते गॅस बंद करायला विसरतात. सातारच्या घरी एकदा शेजाऱ्यांना वास आला म्हणून अनर्थ टळला. तो परिच्छेद मी तीनदा वाचला आणि तिसऱ्या वेळी माझेच डोळे भरून आले. एका वाक्यात चूक सापडली म्हणून मी नवी प्रत काढली आणि जुनी रद्दीत टाकली. इथे चूक झाली.

पुढच्या शुक्रवारी मालिका शेवटच्या प्रसंगाला आली. सगळे दिवाणखान्यात जमले, डिटेक्टिव्हने घसा साफ केला, आणि अण्णांनी रिमोट उचलून आवाज बंद केला. खालची अक्षरं चालू राहिली.

"एक विचारू?"

"विचारा ना."

"सातारच्या घरी गॅस उघडा कधी राहिला?"

त्यांच्या मांडीवर रोजनाम्याचा कागद होता. त्यांनी तो उलटा केला, तेव्हा माझा मसुदा वर आला.

"अण्णा, ते स्टेटमेंट आहे. तसं लिहावं लागतं."

"तसं लिहावं लागतं, हे मी चौतीस वर्षं ऐकलं. घटनेची तारीख काय?"

"तारीख नाही."

"वास आला तो शेजारी कोण?"

"कोणी नाही."

"म्हणजे पंच नाहीत." त्यांनी कागदाची घडी घातली. "इंग्रजी चांगलं आहे तुझं. एका ठिकाणी स्वल्पविराम हवा."

मला राग आला. तो त्यांचा होता की माझा, सांगता येणार नाही. "मग काय लिहू? ठणठणीत आहेत, रोज भाकरी स्वतः थापतात, राहू देत तिकडे, मरू देत एकटे, असं लिहू?"

"पहिली दोन वाक्यं खरी आहेत."

"आईच्या वेळी मी पोहोचले नाही," मी म्हटलं. "तिला काय झालं, शेवटी काय म्हणाली, मला सगळं शेजारणीकडून कळलं. तुमच्या वेळी मला तिथे असायचंय. बस, एवढंच आहे. गॅसचं मी रचलं."

पडद्यावर मयताची बहीण उभी राहून बोलत होती. तिचं सगळं आयुष्य खाली दोन-दोन ओळींत सरकत होतं. आम्ही कोणीच ते वाचलं नाही.

अण्णांनी चष्मा काढून उपरण्याने पुसला. "पोलिसासमोरचा कबुलीजबाब चालत नाही," ते म्हणाले.

"माहीत आहे."

"मी पोलीस नाही. हा चालेल."

थोड्या वेळाने म्हणाले, "मुद्देमाल म्हणजे काय, माहीत आहे ना तुला? खटला चालू असेपर्यंत सांभाळून ठेवायची वस्तू. लेबल लावायचं, सील करायचं, कपाटात ठेवायची. कोणी हात लावत नाही, धूळही बसत नाही. मी चौतीस वर्षं सांभाळलाय. मला वरच्या खोलीत तसं ठेवू नकोस, बाळ."

"तुम्हाला इथे आवडत नाही का?"

"आवडतं. चहा चांगला होतो, खून वेळेवर होतात. पण मी एकटा राहू शकतो, आणि तू लिहिलंयस राहू शकत नाही. त्याखाली सही कशी करू?" मग जरा थांबून, "तिकडे मला एकटं वाटतं की नाही, हे त्या फॉर्मात कुठेच विचारलेलं नाही. मी सगळा वाचला."

"वाटतं का?"

"वाटतं ना. त्याला फॉर्म कशाला लागतो?"

मग ते म्हणाले, "तू येत जा वर्षातून एकदा. वेळ आली की कळवीन."

"असं कळवता येतं का, अण्णा?"

"नाही येत," ते म्हणाले. "येत असतं तर तुझ्या आईने कळवलं नसतं?"

मालिका संपली होती. जिना चढवणारी खुर्ची आजीबाईंना घेऊन सावकाश वर चालली होती. अण्णांनी आवाज पुन्हा चालू केला.

मार्चमध्ये त्यांना विमानतळावर सोडलं. वाटेत हाउन्सलोला थांबून त्यांनी शेजारणीसाठी बिस्किटांचा पत्र्याचा डबा घेतला. झाकणावर एका राजवाड्याचं चित्र होतं. "डबा कामाचा आहे," ते म्हणाले, "राजवाडा खरवडता येईल." आत जाताना त्यांनी खिशाला लावलेलं ते मोफतचं पेन दिसलं. अर्ज माझ्याकडे सहीविना राहिला. रोजनामाही राहिला. शेवटच्या पानावर त्या शुक्रवारच्या मालिकेसमोर फक्त एवढंच लिहिलं होतं: तपास अपूर्ण, आवाज बंद असल्यामुळे.

दोन वर्षांनी तो भाग पुन्हा लागला, तेव्हा मी मुद्दाम रजा काढून बघितला आणि रविवारी फोनवर सांगितलं, "बहीण."

"मयताची?"

"हो."

"कबूल झाली?"

"झाली."

"सुटणार," अण्णा म्हणाले, आणि तिकडच्या थंडीचं विचारू लागले.

परत गेल्यापासून ते सहा वर्षं एकटे राहिले. मी दर जानेवारीत तीन आठवडे जात असे. प्रत्येक वेळी निघताना वाटे, हेच शेवटचं. दर वेळी ते दारात उभं राहून म्हणत, अजून कळवलेलं नाही मी. सहाव्या जानेवारीत त्यांना चार दिवस बारीक ताप होता. डॉक्टर येऊन औषध देऊन गेले होते. पाचव्या दिवशी दुपारी ते खुर्चीत पेपर घेऊन बसले, बरं वाटतंय म्हणाले, आणि चहा मागितला. मी आत जाऊन आधण ठेवलं. बाहेरून आवाज आला, "आलं घाल." घातलं. मग साखर किती घालू, ते विचारायला मी बाहेर आले.

तेव्हा मी तिथे होते. सहा वर्षं ज्याची भीती धरली होती ते माझ्या नजरेआड, भिंतीपलीकडे, मी आलं किसत असताना झालं, पण मी घरात होते, आणि त्यांचा हात मी धरला तेव्हा तो गरम होता. शेजारीण धावत आली. डॉक्टर आले, त्यांनी नाडी बघितली, डोळ्यांत बॅटरी मारली, मान हलवली. मी हात सोडला नाही. कोणीतरी म्हणालं, भाग्यवान, लेक जवळ होती. ते खरं मानावं की नाही हे ठरवायचा प्रयत्न मी करत होते, तेवढ्यात शेजारणीने नाक वर करून हवा हुंगली आणि डॉक्टर खिडक्या उघडू लागले.

चहा उतू जाऊन ज्योत विझली होती. त्या घरात गॅस उघडा राहिल्याची ही एकच घटना आहे. वेळ दुपारी साडेतीनचा सुमार. पंच दोन: डॉक्टर आणि शेजारीण.